चावी कुठून आली? ‘शाव्ह’ या पोर्तुगीज शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘चावी’ हा शब्द खरंच पोर्तुगीज आहे का?

हो. पोर्तुगीज भाषेत चावीला जो शब्द आहे त्याचं स्पेलिंग सी-एच-ए-व्ही-ई असं होतं. आज लिस्बनमध्ये त्याचा उच्चार ‘शाव्ह’ असा ऐकू येतो, शेवटचा स्वर जवळजवळ गिळलेला. ब्राझीलमध्ये तोच शब्द ‘शावी’ असा स्पष्ट ऐकू येतो आणि मराठी माणूस तिथे चमकतो. पोर्तुगीज शब्द स्त्रीलिंगी, आपला शब्दही स्त्रीलिंगी, अर्थ तंतोतंत एक. गोव्यात 1510 पासून, चौलला 1521 पासून आणि वसईत 1534 पासून पोर्तुगीज बस्तान मांडून होते, म्हणजे शब्द यायला वाटही होती आणि वेळही. आशियातल्या भाषांमध्ये शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश गोव्यातल्या आसगावात जन्मलेल्या मोन्सेन्योर (ख्रिस्ती धर्मगुरूंची एक पदवी) सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनी 1913 साली प्रसिद्ध केला. या विषयात कुणाला रस असेल तर अजूनही सुरुवात दाल्गादोंपासूनच करावी लागते.

आणि पोर्तुगीजांना तो कुठून मिळाला?

लॅटिनमधून. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ म्हणत. द्वितीया विभक्तीत त्याचं रूप ‘क्लावेम’ होतं. रोमन साम्राज्याच्या पश्चिम टोकाला, आजचा उत्तर पोर्तुगाल आणि स्पेनमधला गालिसिया जिथे आहे तिथल्या लोकांच्या बोलण्यात शेवटचा ‘म्’ गळला. तो तसाही सगळीकडेच गळत होता. राहिलं ‘क्लावे’. मग सुरुवातीच्या ‘क्ल’ने रूप बदललं. आधी त्यातला ‘ल’ टाळूकडे सरकून ‘क्ल्य’सारखा झाला आणि पुढे सगळं जोडाक्षरच ‘च’मध्ये विरघळलं. ‘क्लावे’चं ‘चावे’ झालं.

‘क्ल’चा ‘च’? हे जरा ओढूनताणून वाटतं.

एकाच शब्दात घडलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. व्युत्पत्तीत दोन शब्द सारखे दिसणं हा पुरावा नसतो, एकच बदल शब्दामागून शब्दात दिसणं हा पुरावा असतो. इथे तो भरपूर आहे आणि तो नुसता ‘क्ल’पुरता नाही: ‘प्ल’ आणि ‘फ्ल’ यांचंही तेच झालं. (पुढचे पोर्तुगीज शब्द मी जुन्या उच्चाराप्रमाणे ‘च’ने लिहितो. आज लिस्बनला ते सगळे ‘श’ने ऐकू येतील.) लॅटिन ‘क्लामारे’, म्हणजे ओरडणं, हाक मारणं; पोर्तुगीजमध्ये ‘चामार’. पाऊस म्हणजे लॅटिन ‘प्लुविया’, पोर्तुगीज ‘चुवा’. ‘प्लेनुस’, म्हणजे भरलेला, त्याचा ‘चेयु’ झाला. शिसं ‘प्लुम्बुम’चं ‘चुम्बु’, ज्योत ‘फ्लाम्मा’ची ‘चामा’. रडणं ‘प्लोरारे’, ते झालं ‘चोरार’. शेजारच्या स्पॅनिशने अर्ध्या वाटेवरच थांबायचं ठरवलं. तिथे ‘क’ गळला आणि टाळूवरचा ‘ल्य’ उरला, म्हणून स्पॅनिशमध्ये किल्ली ‘ल्यावे’, हल्लीच्या उच्चारात ‘यावे’. इटालियनमध्ये ‘क्यावे’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’. सगळ्या एका आईच्या मुली.

शब्दाच्या मधोमध, दोन स्वरांच्या मध्ये ‘क्ल’ आला तर मात्र नियम वेगळा. ‘ओकुलुस’ (डोळा) बोलण्यात ‘ओक्लु’ झाला आणि त्याचा ‘ओल्यु’ झाला, ‘च’ नाही. नियम कुठे लागू होत नाही हेही ठरलेलं असतं, म्हणूनच त्याला नियम म्हणायचं.

मग पोर्तुगीजमध्ये ‘क्ल’ने सुरू होणारे शब्दच नाहीत का?

आहेत की. ‘क्लारु’ (स्पष्ट), ‘क्लिमा’ (हवामान). हे नंतर पोथीतून, पंडितांच्या हातून आलेले. मराठीत ‘कान’ही आहे आणि ‘कर्ण’ही, एक तोंडातोंडी झिजत आलेला, दुसरा संस्कृतमधून जसाच्या तसा उचललेला. आपल्याकडे यांना तद्भव आणि तत्सम म्हणतात. पोर्तुगीजमध्ये या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा, अर्धशिक्षित थरही आहे, ज्यात ‘ल’चा ‘र’ होतो: ‘क्लावुस’ (खिळा) या लॅटिन शब्दाचा ‘क्रावु’, ‘प्लातेआ’चा ‘प्रासा’ म्हणजे चौक.

तिन्ही थर एकाच शब्दात पाहायचे असतील तर लॅटिन ‘क्लाविकुला’ घ्या. अर्थ साधा, छोटी किल्ली. पोर्तुगीजमध्ये तिची तीन अपत्यं आहेत. ‘चावेल्या’ म्हणजे गाडीच्या किंवा नांगराच्या दांडीत ठोकायची खुंटी. हा शेतकऱ्याचा शब्द, सगळ्यात झिजलेला. ‘क्रावेल्या’ म्हणजे तंतुवाद्याची तार पिळायची खुंटी, वादकाचा शब्द. आणि ‘क्लाविकुला’ म्हणजे गळ्याखालचं हाड, डॉक्टरांचा शब्द, लॅटिन पोशाखात जसाच्या तसा. कोणता शब्द कुणाच्या तोंडी राहिला हे त्याच्या पहिल्या दोन अक्षरांवरून ओळखता यावं, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण लिस्बनमध्ये ‘शाव्ह’ म्हणतात, मग आपण ‘शावी’ का म्हणत नाही?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. आपण चुकीचं ऐकलं असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर आपण नीट ऐकलं. पुढे बदलले ते पोर्तुगीज.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक हा शब्द ‘च’नेच उच्चारत. त्यांच्या भाषेत तेव्हा ‘च’ आणि ‘श’ हे दोन वेगळे ध्वनी होते. ‘च’ सी-एच लिहून दाखवत आणि ‘श’साठी बहुतेक वेळा एक्स वापरत. पुढे सतराव्या शतकापासून दक्षिणेकडच्या, म्हणजे लिस्बनच्या बोलीत ‘च’ घासून ‘श’ झाला आणि राजधानीची बोली प्रमाण ठरल्यावर तो देशभर पसरला. स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. आपल्या किनाऱ्यावर शब्द त्याआधीच उतरला होता, म्हणून आपल्याकडे ‘च’ टिकला.

याचा आणखी एक साक्षीदार आपल्याच भूगोलात आहे. पोर्तुगीजांनी ‘चौल’ लिहिताना सी-एच वापरलं, गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या ‘चिंचिणी’चे दोन्ही ‘च’ सी-एचने लिहिले, पण तिथल्याच केपे तालुक्यातल्या ‘शेल्डे’ गावासाठी एक्स वापरला. त्यांच्या कानाला दोन्ही ध्वनी वेगळे लागत होते याचा याहून स्वच्छ दाखला मिळणार नाही. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत आजही ‘श’ एक्सने लिहितात आणि ‘च’ सी-एचने. म्हणजे गोव्यातली रोमी लिपी पोर्तुगीज लेखनाची अशी एक अवस्था सांभाळून आहे जी खुद्द लिस्बनच्या उच्चारातून केव्हाच निघून गेली.

आज कुठेच ‘च’ उरला नाही का?

उरलाय. पोर्तुगालच्या उत्तरेला, विशेषतः त्रास-ओझ-मोन्तेस या डोंगराळ प्रांतात जुनी माणसं अजून ‘च’ म्हणतात. सीमेपलीकडे गालिसियात तर तोच नियम आहे. तिथली किल्ली ‘चावे’. ब्राझीलमध्ये मातु ग्रोसु राज्यातल्या कुयाबा शहराची बोली यासाठी प्रसिद्ध आहे, बाकीचे ब्राझिलियन त्यावरून त्यांची थट्टा करतात.

उत्तर पोर्तुगालमध्ये ‘व’चा ‘ब’सुद्धा होतो, त्यामुळे तिथे ‘चाबे’सारखं काहीतरी कानावर पडतं. यावरून हिंदीतली ‘चाबी’ थेट तिथून आली असा निष्कर्ष कृपया काढू नका. हिंदीत आणि बंगालीत ‘व’चा ‘ब’ होणं ही त्या भाषांची आपली घरची सवय आहे. गुजरातीत ‘चावी’च राहिली, तमिळमध्ये ‘सावि’ झाली.

‘चावी’चा आणि ‘चावणे’चा काही संबंध?

नाही, आणि हे तुमच्या तोंडालाच माहीत आहे. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. ‘कुत्रा चावला’ म्हणताना जीभ दातांच्या मागे लागते. ‘चावी दे’ म्हणताना ती टाळूकडे जाते. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत, लिपीत एकच अक्षर. घरच्या जुन्या शब्दांत ‘आ’च्या आधी साधारणपणे पहिला येतो: चाक, चाळ, चारा. (‘चार’ अपवाद.) संस्कृतातून किंवा परभाषेतून घेतलेल्या शब्दांत दुसरा: चातुर्य, चाकू, चादर. ‘चावी’ या दुसऱ्या पंगतीत बसते. कोशात न बघतासुद्धा ती बाहेरची आहे याचा अंदाज बांधता येतो तो असा.

मग ‘किल्ली’? ती तरी आपली ना?

ती आपली. संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी, पाचर, मेख; त्यातून ‘खीळ’, ‘खिळा’ यांच्या घराण्यात ‘किल्ली’. आता गंमत अशी की लॅटिन ‘क्लाविस’चं मूळही आकडी किंवा खुंटी याच अर्थापाशी जाऊन पोचतं. खिळ्याला लॅटिनमध्ये ‘क्लावुस’ म्हणत, बंद करण्याला ‘क्लाउदेरे’, आणि ग्रीकमध्ये किल्लीला ‘क्लेइस’. अगदी जुन्या काळी दार लावायचं म्हणजे आडणा सरकवायचा किंवा खुंटी ठोकायची आणि बाहेरून उघडायचं तर आकडी घालून ती सरकवायची. दोन्हीकडे वस्तू तशी होती म्हणून नावंही तशी पडली. ‘कील’ आणि ‘क्लाविस’ एकमेकांचे सख्खे मात्र नव्हेत. ‘क’ आणि ‘ल’ जुळले म्हणून नातं जुळत नाही.

‘किल्ला’ या शब्दाचाही किल्लीशी संबंध नाही. तो अरबीतून आला. आणि ‘कुलूप’ही अरबीच: ‘कुफ्ल’मधल्या ‘फ’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या. म्हणजे मराठी घराच्या कडीला लागलेलं कुलूप अरबी, त्यात फिरणारी चावी पोर्तुगीज आणि शेजारी खुंटीला टांगलेली किल्ली संस्कृत.

संस्कृतात किल्लीला ‘कुञ्चिका’ही म्हणत. त्यावरून हिंदीत ‘कुंजी’ आली आणि समुद्र ओलांडून मलय-इंडोनेशियन भाषेत ‘कुंची’. इंडोनेशियात पोर्तुगीज गेले, टेबलाला ‘मेजा’ हे त्यांचं नाव देऊन आले, पण किल्लीची जागा संस्कृतने आधीच अडवलेली होती.

किल्ली असताना चावीची गरज काय पडली?

गरज पडली म्हणूनच शब्द येतो असं नाही. शब्द माणसांबरोबर येतात. पोर्तुगीजांच्या घरबांधणीतून, स्वयंपाकघरातून आणि नोकरीतून आलेली यादी पाहिली तर चित्र स्पष्ट होतं: मिस्त्री (‘मेस्त्र’, लॅटिन ‘मागिस्तेर’), पाव (‘पांव’, लॅटिन ‘पानिस’), कोबी (‘कोव’, लॅटिन ‘काउलिस’ म्हणजे देठ), मुलं सांभाळणारी आया (‘आया’, लॅटिन ‘आविया’ म्हणजे आजी). आणि अर्थातच पगार: पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं आणि त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. महिन्याच्या एक तारखेला हा मूळ अर्थ अजून अनुभवाला येतो.

हे सगळे शब्द चाकरी करणाऱ्या, सुतारकाम करणाऱ्या, बाजारहाट करणाऱ्या माणसांच्या तोंडून पसरले असं मला वाटतं, राजदरबारातून नव्हे. त्यात चावी बसते.

आज मराठीत दोन्ही शब्द सुखाने नांदतात आणि त्यांनी कामं वाटून घेतलीत. यशाची ‘गुरुकिल्ली’ असते, गुरुचावी कुणी म्हणत नाही. उलट घड्याळाला आणि खेळण्याला ‘चावी देतात’, पाण्याची ‘चावी सोडतात’, आणि कुणी एकदम भांडायला उठला की त्याला कुणीतरी ‘चावी दिली’ असा संशय येतो. वर्तमानपत्रात तिजोरीच्या मात्र चाव्याही असतात आणि किल्ल्याही.

पोर्तुगालमध्ये ‘शाव्हेश’ नावाचं गाव आहे. त्याचा अर्थ ‘चाव्या’ का?

स्पेलिंग अगदी तेच, अनेकवचनाचं. पण नाही, आणि हे उदाहरण जपून ठेवण्यासारखं आहे. हे गाव उत्तरेला स्पेनच्या सीमेजवळ, तामेगा नदीवर आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि रोमन काळातला, त्राजान सम्राटाच्या नावाने ओळखला जाणारा पूल आजही उभा आहे. रोमन लोक त्या जागेला ‘आक्वे फ्लाविए’ म्हणत: फ्लावियुस घराण्याचं, म्हणजे सम्राट वेस्पासियनच्या कुळाचं पाणी. ‘तिथे’, ‘तिथून’ अशा अर्थाच्या रूपात त्याचं ‘फ्लाविइस’ व्हायचं. वर सांगितलेला नियम लावा: ‘फ्ल’चा ‘च’. ‘फ्लाविइस’चं झालं ‘चावेस’, आणि ते नेमकं किल्ल्यांच्या अनेकवचनावर जाऊन आदळलं.

स्पॅनिश जगात ‘चावेझ’ हे आडनाव आहे, व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांचं होतं ते. शुद्ध स्पॅनिश शब्द असता तर त्यात ‘च’ आला नसता. तो ‘च’च सांगतो की आडनाव पोर्तुगीज-गालिसियन बाजूने आलं आहे.

‘क्लाविस’ची आणखी कोणती मुलंबाळं आपल्या ओळखीची आहेत?

पुष्कळ. पोपच्या निवडणुकीला ‘कॉन्क्लेव्ह’ म्हणतात ते ‘कुम क्लावे’ म्हणजे ‘किल्लीसह’, कुलूपबंद खोलीत. 1268 साली पोप वारल्यावर इटलीतल्या व्हितेर्बो गावात कार्डिनल मंडळींचं एकमत व्हायला 1271 उजाडलं. अखेर निवडून आलेले दहावे ग्रेगरी यांनी 1274 मध्ये नियमच केला की मतदारांना बंद करून ठेवायचं. दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायचा ‘ऑटोक्लेव्ह’ म्हणजे वाफेच्या दाबाने आपलं आपण बंद होणारं भांडं. पाश्चात्त्य संगीताच्या लिपीत सुरुवातीला काढायची खूण, फ्रेंचमध्ये ‘क्ले’, पोर्तुगीजमध्ये ‘क्लावे’.

आणि ‘एन्क्लेव्ह’: किल्ली लावून आत कोंडलेला प्रदेश, असा त्याचा मूळ भाव. दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगीजांचे असेच चारही बाजूंनी भारताने वेढलेले तुकडे होते. 1954 मध्ये ते मुक्त झाले, पोर्तुगालने वाट मिळावी म्हणून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, आणि 1960 च्या निकालात सैन्य नेण्याचा हक्क त्यांना नाकारला गेला. कुलूप आपल्याकडचं, शब्द त्यांच्या पूर्वजांचा.

चुलत घराण्यात ‘क्लावुस’ म्हणजे खिळा येतो. पोर्तुगीज ‘क्रावु’चे तीन अर्थ: खिळा, लवंग आणि कार्नेशनचं फूल. लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून ते नाव. (आपली ‘लवंग’ संस्कृत, इथेही उगाच जुळवाजुळव नको.) 25 एप्रिल 1974 ला लिस्बनमध्ये सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी हीच फुलं खोचली आणि त्या उठावाला ‘क्रावुंची क्रांती’ म्हणतात. त्याच वर्षाअखेर, 31 डिसेंबरला, नव्या पोर्तुगीज सरकारने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं.

रोमन लोकांकडे किल्लीला काही खास मान होता का?

घरची किल्ली गृहिणीकडे असे. नवऱ्याने ती काढून घेतली की काडीमोड झाला असं समजत. रोमन वक्ता सिसेरोने आपला राजकीय शत्रू मार्क अँटनीवर आग ओकताना नेमका हाच टोमणा मारलाय: याने आपल्या रखेलीला बारा पाट्यांच्या (रोमच्या जुन्या लिखित) कायद्याप्रमाणे किल्ल्या काढून घेऊन घराबाहेर घातलं, जणू ती लग्नाची बायको होती. कमरेला जुडगा खोचून फिरणारी सासू ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पोर्तुगालला किंवा ब्राझीलला गेल्यावर ‘चावी’ म्हटलं तर समजेल का?

हॉटेलच्या काउंटरवर हात पुढे करून म्हटलंत तर समजेल, पण ‘शाव्ह’ किंवा ‘शावी’ म्हटलेलं बरं. हार्डवेअरच्या दुकानात सावध राहा. पोर्तुगीजमध्ये पाना आणि स्क्रूड्रायव्हर हेसुद्धा ‘शाव्ह’च असतात, कोणती हवी ते पुढे जोडलेल्या शब्दावरून कळतं. आपला सरकवता येणारा पाना त्यांच्याकडे ‘इंग्रजी चावी’. चाव्या अडकवायच्या कडीला पोर्तुगालमध्ये ‘पोर्ता-शाव्हेश’ म्हणतात, ब्राझीलमध्ये ‘शावेरु’, आणि ब्राझीलमध्ये डुप्लिकेट चावी करून देणारा चावीवालाही ‘शावेरु’च.

ब्राझीलमध्ये 2020 पासून ‘पिक्स’ नावाची, आपल्या यूपीआयसारखी पैसे पाठवायची सोय सुरू झाली. त्यात मोबाइल नंबर किंवा ईमेल हा जो आपला पत्ता देतात त्याला ‘शावी’ म्हणतात. तेव्हा फळवाल्याने तुम्हाला त्याची शावी सांगितली, तर तो दुकान उघडायला सांगत नाहीये, आंब्यांचे पैसे मागतोय.